मिठागराकाठची आफ्रिका

नामिबियातील एटोशा राष्ट्रीय उद्यान एकदा पाहावे, असे आम्हां दोघांच्या मनात कित्येक वर्षे आहे. सुमारे २२ हजार चौरस किलोमीटरच्या त्या प्रदेशाचा जवळजवळ चौथा हिस्सा म्हणजे मिठाने पांढरे पडलेले विस्तीर्ण पठार. त्याच्या कडेच्या पाणवठ्यांवर हत्ती, सिंह, काळे गेंडे येतात. आणि चांगला पाऊस होऊन पठारावर उथळ पाणी साचले, की रोहित पक्षी उतरतात. बाजूला टाकलेले पैसे मात्र दरवेळी दुसऱ्याच निकडीला खर्ची पडले.

याच काळात मुलुंडहून कॉलेजला जाताना पूर्व द्रुतगती मार्गालगतची मिठागरे आम्ही रोज मागे टाकत होतो. तिकडे मान वळवून पाहिल्याचे आठवत नाही. निसर्गकवितेची टिपणे मात्र त्याच बसमध्ये वाचली.

गेल्या हिवाळ्यात भांडुपच्या एका विद्यार्थिनीच्या आग्रहावरून आम्ही ऐरोलीहून होडीने ठाणे खाडीत गेलो. चिखलपट्टीवर शेकडो धाकटे रोहित माना खाली घालून, उलट्या धरलेल्या चोचींनी पाणी गाळत शैवाल टिपत होते. एटोशात उतरणाऱ्या रोहितांमध्ये हीच जात असते, हे आम्हांला पुस्तकातून ठाऊक होते. "सर, मॅडम, हे आमच्या घरामागे येतात," ती सहज म्हणाली. आम्ही ओशाळलो.

या खाडीला २०१५ मध्ये अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. पण पक्ष्यांना हद्द कळत नाही. २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरवर विमानाची धडक बसून त्यांचा एक थवाच्या थवा मेला. त्याच वर्षी सप्टेंबरात कांजूरमार्ग, भांडुप व मुलुंड येथील मिठागरांची सुमारे २५६ एकर जमीन धारावीकरांच्या घरांसाठी देण्यास राज्य मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. घरांची निकड खोटी आहे, असे हक्काच्या घरात बसून आम्ही कोणत्या तोंडाने म्हणावे? मात्र मिठागर म्हणजे रिकामी जागा, हे म्हणणेही आता आमच्याने होत नाही.

परतताना पाणी चढू लागले, चिखल बुडू लागला. "भरतीत हे टेकतात कुठे?" आम्ही विचारले. तिने काठापलीकडे, आम्ही रोज ओलांडतो त्या मिठागरांकडे बोट दाखवले.