जपलेले कार्ड

२०२४ पासून सत्तरी गाठलेल्यांना आयुष्मान कार्ड मिळू लागले. वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मोफत! आयुष्यात प्रथमच माझी किंमत लाखांत गेली. परळीची धूळ लागू नये म्हणून सौ.ने कार्ड पिशवीत घातले, पिशवी शालूच्या घडीत, शालू कपाटात आणि किल्ली कमरेला. मला तिने इतके कधी जपले नव्हते.

परवा छातीत कळ आली. अंबाजोगाईला दवाखान्यात नेले.

"आजोबा, कार्ड?"

"अगदी सुरक्षित आहे," सौ. अभिमानाने म्हणाली, "घरी!"

मुलगा परळीला धावला. किल्ली तिच्या कमरेलाच राहिली.

"मग आधार नंबर तरी?"

सौ.ने माझे बाराही आकडे घडाघडा म्हटले. त्यावर आणि माझ्या अंगठ्यावर काम भागले.

माझा वाढदिवस मात्र तिला अजून आठवत नाही.