फोर बाय फोर, विथ व्हेंटिलेशन!

‘कोंबड्या? आणि तू?’ ऑफिसात कुणालाही सांगा, हीच रिअ‍ॅक्शन! चर्चगेट लोकलला लटकणाऱ्या, लंचला सॅलड खाणाऱ्या मुलीने वीकेंडला खुराडं झाडावं हे लोकांना पचतच नाही.

तर वसईला आमच्या घरामागे थोडी मोकळी जागा आहे. एक चिकू, दोन माड आणि कपडे वाळत घालायची तार. तिथे बॉस, टीएल, क्लायंट आणि ट्रेनी अशा चौघी राहतात. नावं उगाच नाही ठेवलेली. आधी कोण खाणार, दांडीवर कोण कुठे झोपणार याची त्यांच्यात पक्की उतरंड असते. आपल्या कॉर्पोरेट जगाचा लाडका ‘पेकिंग ऑर्डर’ हा शब्द आला तोच मुळी कोंबड्यांवरून. १९२०च्या दशकात थोरलाइफ शेल्डेरुप-एब्बे नावाच्या नॉर्वेजियन संशोधकाने त्या न्याहाळून ही उतरंड मांडली. आमच्याकडे अप्रेझल रोज संध्याकाळी होतं, चोचीने!

खुराडं चार बाय चार फुटांचं आहे. दिवसा बाहेर हिंडायला मिळत असेल, तर एका कोंबडीमागे आत साधारण चार चौरस फूट पुरतात. मुंबईत भाड्याने राहणाऱ्या माझ्या मैत्रिणींना एवढं नशीब नाही, असो. खाली दोन फुटांचे पाय आहेत, कारण २०१८च्या जुलैत वसई-नालासोपाऱ्यात पाणी भरून गाड्या बंद पडल्या होत्या, तेव्हाचं आमचं अंगण मला आठवतंय. सुतारकाका हसले, पण पाय लावून दिले.

झोपायची दांडी रुंद, लाकडी हवी. गुळगुळीत पाइप नको, पाय घसरतात. आणि ती अंडी घालायच्या खोक्यांपेक्षा उंच हवीच. कोंबडी झोपायला सगळ्यात उंच जागा पकडते आणि जिथे झोपते तिथेच रात्रभर घाण करते. खोका वर असेल तर सकाळी अंड्यांची काय अवस्था होते, विचारू नका. चौघींसाठी दोन खोके केलेत. तरी सगळ्यांना एकच हवा असतो, आणि बाहेर लाइन लागते. अगदी आपल्या मीटिंग रूमसारखं!

पण खरी गोम आहे हवेत. कोंबड्यांना घाम येत नाही. मे महिन्यात बिचाऱ्या चोच उघडून धापा टाकतात, पंख अंगापासून लांब धरतात. पावसाळ्यात उलट मोह होतो, सगळं प्लास्टिकने गच्च बांधून टाकावं. तसं अजिबात करू नका. ओलं तूस, विष्ठा आणि कोंडलेली हवा म्हणजे अमोनिया. आपल्या नाकाला झोंबतो तेव्हा त्यांच्या फुप्फुसांचं काय होत असेल! म्हणून छपराखाली चारही बाजूंनी वीतभर जाळीची पट्टी मोकळी ठेवलीय आणि छप्पर बाहेर काढलंय, म्हणजे वारा येतो, झड येत नाही.

जाळीचं म्हणाल तर ती षटकोनी ‘कोंबडी जाळी’ कोंबड्यांना आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी घ्या. महाग आहे, पण रात्री शांत झोप लागते. दाराला कडीही घट्ट हवी. आणि मानमोडीची लस! जनावरांच्या डॉक्टरांकडून वेळापत्रक लिहून घ्या. त्या रोगाला औषध नाही.

बाकी रोजचं काम दहा मिनिटांचं. पाणी बदलायचं, खाद्य घालायचं, अंडी उचलायची. रविवारी तूस खालीवर करायचं. ओलं झालेलं निघतं ते कुजवून चिकूला. कवच मजबूत व्हावं म्हणून शिंपल्यांचा चुरा, आणि अंघोळीला कोरडी माती नि राख. ट्रेनी त्यात लोळते तेव्हा स्पामध्ये गेल्यासारखी दिसते.

प्रॉब्लेम आहे तो बॉसचा. तिचं आता चौथं वर्ष. हिवाळ्यात दिवस लहान झाले, पिसं झडली, तशी अंडी थांबली, ती उन्हाळ्यातही सुरू झाली नाहीत. आजीच्या मते यात विचार करण्यासारखं काही नाहीच. ‘अंडं नाही तर दाणा कशाला? मी मसाला वाटते, तू भाकरीचं बघ.’ आजीने आयुष्यभर कोंबड्या पाळल्या आणि एकीलाही नाव ठेवलं नाही. आणि मी काही शाकाहारी नाही. शुक्रवारी टीमबरोबर बटर चिकन मागवते, तेव्हा ते कोण होतं हे विचारत नाही. त्यामुळे आजीशी वाद घालायला माझ्याकडे मुद्दाच नसतो. फक्त संध्याकाळी गेट वाजलं की बॉस तुरुतुरु धावत येते, एवढंच.

गेल्या रविवारी विषय पुन्हा निघाला. मी म्हटलं, ‘आजी, बॉसचा दाणा माझ्या पगारातून.’

‘आणि जागा? नवी तलंग आणायची म्हणतेस ती कुठे ठेवशील?’

बरोबर होतं तिचं. खुराडं चौघींचंच आहे. पाचवी आणायची तर बॉसने जायचं, नाहीतर मी चार चौरस फूट वाढवायचे.

सुतारकाका शनिवारी येतायत. आजीने त्यांच्यासाठी चहाची साखर आणून ठेवायला सांगितलीय. मसाल्याचं अजून काही बोलली नाही.