चारित्र्याच्या दाखल्यास अनावृत पत्र

पोलिसांच्या चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र महाशयांस,


आमची मांजरी २०२१मध्ये पुणे महापालिकेत आली. द्राक्ष संशोधन केंद्र आणि वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट असलेल्या या शिवारात आता सोसायट्या दाटल्यात. गेटवरचा वॉचमन असो की नाक्यावरचा रिक्षावाला, पोटापाण्याला लागायचं तर आधी तुमचं दर्शन घ्यावं लागतं.

खासगी सुरक्षा एजन्सींच्या २००५च्या कायद्याचं दहावं कलम काढून बघा. न्यायालयानं शिक्षा दिलेल्याला रखवालदार नेमू नये, हे समजतं; शिक्षेवर अपील तरी करता येतं. पण उमेदवाराच्या चारित्र्याबद्दल आणि पूर्वेतिहासाबद्दल एजन्सीचं समाधान व्हावं, असंही तिथं लिहिलंय. हे समाधान कशानं व्हायचं? भावकीत बांधावरून मारामारी झाली, फिर्यादीत पोराचं नाव गोवलं गेलं आणि खटला नुसत्या तारखांवर चाललाय, तर ते पोर वाईट चालीचं झालं का?

राज्य सरकारनं २०१६मध्ये डान्स बारसाठी कायदा आणि नियम केले, तेव्हा परवाना मागणाऱ्याचं चारित्र्य चांगलं हवं आणि मागच्या दहा वर्षांत गुन्हेगारी नोंद नको, अशी अट घातली होती. १७ जानेवारी २०१९ला सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द केली. कारण साधं होतं: या शब्दांना नेमका अर्थच नव्हता. बारमालकांना दिल्लीपर्यंत वकील नेता आला. वॉचमन कुठवर जाणार?

बरं, असे नकार किती, हे तरी कळतं का? माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमानुसार ज्यांना परवाने दिले त्यांचा तपशील कार्यालयांनी आपणहून जाहीर करायचा असतो. ज्यांना नाकारले, त्यांच्याबद्दल तिथं अवाक्षर नाही. बाधित माणसाला निर्णयाची कारणं द्या, एवढंच पुढं म्हटलंय. म्हणजे कारण कळलंच तर एकेकट्याला कळतं. सगळे नकार एकत्र मांडलेले कुणाला दिसत नाहीत. आणि खरी मेख तिथंच आहे. जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा कायदा १९५२मध्ये देशभर रद्द झाला, तरी संशय आधी पारधी वस्तीवरच जातो. तुमचे नकार कोणत्या वस्त्यांत साचतात, हे आकड्यांवाचून कसं कळावं? कॅलिफोर्नियानं २०१८मध्ये कायदा करून परवाना मंडळांना अशा नकारांचा वार्षिक अहवाल बंधनकारक केला, तोही कुणाचं नाव उघड न करता.

नावं आम्हालाही नकोत. पुण्याच्या पोलीस आयुक्तालयानं आणि रिक्षाचा परवाना देणाऱ्या आरटीओनं वर्षातून एकदा एवढंच छापावं: प्रतिकूल शेरे किती, त्यांतले शिक्षेमुळं किती, नुसत्या दाखल गुन्ह्यामुळं किती, अपिलात किती फिरले. शेजारी आणखी एक रकाना ठेवा, निर्दोष सुटूनही शेरा तसाच राहिलेल्यांचा. तो भरायला बाबू कुरकुरतील, पण सुरुवात त्याच रकान्यापासून करा.

आपला,
मांजरी बुद्रुकचा एक रहिवासी