लहान मुलांना केमोचं औषध?

हायड्रॉक्सीयुरिया हे औषध सिकलसेलच्या मुलांना देऊ नये, असं माझं अनेक वर्षं ठाम मत होतं. आज ते नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या आश्रमशाळेत शिकवणाऱ्या बाईच्या मताला वैद्यकात काय किंमत, असं कुणी म्हणेल. पण आमच्याकडे आईबाप दवाखान्यातली चिठ्ठी घेऊन थेट शाळेत येतात आणि विचारतात, ‘मॅडम, देऊ का हे पोराला?’ मी काय उत्तर देते यावर पुढचं बरंच काही ठरतं. म्हणून हे लिहिते आहे.

माझा विरोध हवेतून आलेला नव्हता. घरात काकूची केमोथेरपी मी जवळून पाहिली होती. ही औषधं भराभर विभागणाऱ्या पेशींवर घाव घालतात. कॅन्सरच्या पेशी तशा असतातच, पण रक्त तयार करणारी अस्थिमज्जाही तशीच. निरोगी माणसाच्या अस्थिमज्जेतून सेकंदाला वीसेक लाख लाल पेशी बाहेर पडतात. इतकं अखंड काम जिथे चालतं तिथे केमोचा मार बसणारच. पांढऱ्या पेशींतल्या बऱ्याचशा थोड्याच दिवसांच्या सोबती, म्हणून त्या आधी घसरतात. लाल पेशी सुमारे १२० दिवस जगतात, त्यामुळे हिमोग्लोबिन एकेका सायकलनंतर हळूहळू उतरत जातं. काकूचं तसंच उतरलं. बीट झालं, डाळिंब झालं, गूळ-शेंगदाणे झाले. आकडा वर सरकेना, कारण खोट लोहाची नव्हती. लाल पेशी घडवणारी जागाच थकली होती. शेवटी रक्त चढवावं लागलं. हायड्रॉक्सीयुरिया मुळात याच जातीचं, रक्ताच्या कॅन्सरवरचं औषध. ज्या पोराचं हिमोग्लोबिन सात-आठच्या वर जात नाही, त्याला ते द्यायचं या विचारानेच माझा जीव घाबरा व्हायचा.

जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका बालरोगतज्ज्ञांनी माझ्याशी वाद घातला नाही. त्यांनी मला एक प्रश्न विचारला: सिकलसेल घेऊन जन्मलेलं मूल पहिले काही महिने ठणठणीत का असतं?

हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. १९४८ मध्ये ब्रुकलिनच्या जॅनेट वॉटसन या डॉक्टरांनी त्याचं उत्तर सुचवून ठेवलं होतं. पोटात असताना बाळाच्या लाल पेशींत वेगळं, गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन असतं. सिकलचं हिमोग्लोबिन प्राणवायू सोडला की एकमेकांना चिकटून लांब काड्या बनवतं; पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, आणि १२० दिवसांऐवजी दहा-वीस दिवसांतच फुटते. गर्भातलं हिमोग्लोबिन मध्ये असलं की या काड्या नीट जुळत नाहीत. जन्मानंतर ते ओसरतं आणि मग दुखणं सुरू होतं.

हायड्रॉक्सीयुरिया नेमकं इथे उपयोगी पडतं. मोजक्या मात्रेत ते अस्थिमज्जेतल्या विभागणीला लगाम घालतं. या ताणाखाली ज्या लाल पेशी घडतात, त्यांच्यात गर्भातल्या हिमोग्लोबिनचं प्रमाण वाढलेलं असतं. पेशी आकारानेही मोठ्या होतात; इतक्या, की रक्ताच्या रिपोर्टवरून गोळी नियमित घेतली जाते की नाही याचा अंदाज डॉक्टर बांधतात. पेशी जास्त दिवस टिकतात, म्हणून हिमोग्लोबिन घटायच्या ऐवजी बहुतेकांत थोडं चढतंच. आणि वाहिन्या तुंबवण्यात ज्यांचा हात असतो त्या पांढऱ्या पेशी कमी होतात, हाही फायदाच. काकूच्या रक्ताचं जे नुकसान मी पाहिलं होतं, त्याच्याच मुळाशी असलेला गुण इथे मापात वापरून उपचार झाला होता. हे कळलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

पुरावाही भक्कम आहे. अमेरिकेत २९९ प्रौढ रुग्णांवर झालेली चाचणी १९९५ मध्ये मुदतीआधीच थांबवली गेली, कारण औषध घेणाऱ्यांच्या दुखण्याच्या झटक्यांत निम्म्याच्या आसपास घट स्पष्ट दिसत होती. ‘आपल्याकडचा सिकलसेल सौम्य असतो,’ हे मी सगळ्यांना सांगायचे. भारतातल्या रुग्णांत गर्भातलं हिमोग्लोबिन मुळात जास्त असतं, हे खरंच आहे. पण विदर्भातल्या मुलांतही तीव्र आजार दिसतो, आणि वसतिगृहात रात्रभर हातपाय धरून कण्हणाऱ्या मुलीला ‘सौम्य’ म्हणायची माझी हिंमत आता होत नाही. माझी शेवटची शंका मलेरियाची होती. आमचा भाग त्याचाच. २०१९ मध्ये आफ्रिकेतल्या चार देशांतल्या सहाशेवर मुलांच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. औषध चालू असताना त्या मुलांतला मलेरिया वाढला नव्हता, उलट कमी झाला होता.

सगळी भीती गेली असं मात्र मी म्हणणार नाही. मात्रा चुकली तर अस्थिमज्जा दबते. मुलग्यांच्या शुक्राणूंवर परिणाम होऊ शकतो, गरोदरपणात हे औषध टाळायला सांगतात; वयात आलेल्या मुलींशी आणि त्यांच्या आयांशी हे उघड बोलावंच लागतं. शिवाय ठरावीक काळाने रक्ततपासणी हवी, नाहीतर हे औषध देऊच नये. माझा जुना हट्ट आता इथे येऊन बसला आहे. बाजारात सहज मिळते ती कॅप्सूल पाचशे मिलिग्रॅमची, आणि पंधरा किलोच्या मुलाला लागतात दीडशे ते तीनशे. तपासणीसाठी रोजंदारी बुडवून, एसटीचे दोन टप्पे करून जावं लागतं. आता कुणी चिठ्ठी पुढे केली की मी ‘द्या’ म्हणते, आणि लगेच विचारते: वजन कधी केलं, मागचा रक्ताचा रिपोर्ट कुठे आहे, पुढची तारीख कोणती? आईला सुट्टी मिळत नसेल, तर त्या तारखेला मुलाला शाळेतून कोण नेणार हे आम्ही तिथेच ठरवतो.