काळी स्क्रीन आणि अण्णा

गेल्या रविवारी सकाळी चहा घेता घेता लॅपटॉप अपडेट केला. रीस्टार्ट केल्यावर स्क्रीन काळी. वरच्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ तेवढी लुकलुकत होती. लेक मागून डोकावली आणि म्हणाली, "बाबा, गेला वाटतं. नवीन घेऊ या."

मला हसूच आलं. काळ्या स्क्रीनशी माझी जुनी ओळख आहे. ती करून दिली अण्णांनी, भोसरीच्या शेडमध्ये, २००६ साली. घरच्यांना शेड आठवत असेलच, बाकीच्या मंडळींसाठी थोडक्यात सांगतो.

अण्णा पिंपरीतल्या एका मोठ्या कंपनीत टूलरूममध्ये फिटर होते. दहावी आणि आयटीआय. व्हीआरएस घेतली आणि आलेल्या पैशातून भोसरी एमआयडीसीत भाड्याची शेड घेतली. दोन लेथ, एक ड्रिलिंग, पुढे एक सेकंडहँड सीएनसी. चाकणच्या एका व्हेंडरला बुश करून द्यायचे. मी तेव्हा नुकताच हिंजवडीला नोकरीला लागलो होतो आणि डोक्यात लिनक्सचं वारं शिरलं होतं. शेडच्या ऑफिसातल्या असेम्बल्ड पीसीवरचं चोरीचं विंडोज काढून मी लिनक्स टाकलं. अण्णांना नंतर सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "रिपोर्ट निघतात ना? मग काय हवं ते ठेव."

तर झालं असं, की एका गुरुवारी, म्हणजे आपल्या एमआयडीसीच्या सुट्टीच्या दिवशी, संध्याकाळी शेडवर जाऊन मी सगळे अपडेट टाकले. उत्साह, दुसरं काय! शुक्रवारी सकाळी आठ वाजता टेम्पो चाकणला निघायचा होता. मालाबरोबर इन्स्पेक्शन रिपोर्ट नसेल तर गेटवरून माल परत. रिपोर्ट त्याच पीसीत. दीड वर्षाचे सगळे रिपोर्ट आणि हिशेबही त्यातच. बॅकअप? शून्य.

रीस्टार्ट केलं. काळोख. मग एक निळी चौकट आली. त्यात लिहिलं होतं, की एक्स सर्व्हर सुरू होऊ शकला नाही, कारण काय ते बघायचं आहे का? मी 'नाही' दाबलं. परत रीस्टार्ट, परत चौकट, परत 'नाही'. तिसऱ्या वेळी मी इन्स्टॉलेशनची सीडी हातात घेतली आणि म्हणालो, "फॉरमॅट करावं लागणार."

अण्णा मागे स्टुलावर बसून बघत होते. म्हणाले, "तो विचारतोय ना, कारण बघायचंय का म्हणून? मग तू नाही का म्हणतोस?"

खरं सांगायचं तर मला राग आला. मी इंजिनिअर, आणि हे मला शिकवणार! चिडून म्हटलं, "अण्णा, ते मशीन नाहीये." ते शांतपणे म्हणाले, "अलार्म न वाचता रीसेट मारणारा ऑपरेटर मी ठेवत नाही. दाब हो."

दाबलं. ओळीच ओळी. एक्स सर्व्हर म्हणजे स्क्रीनवर खिडक्या, चित्रं, माउसचा बाण काढणारा प्रोग्रॅम. तो आपण काय काय केलं याची रोजनिशी लिहितो. ओळीच्या आधी कंसात दोन आय म्हणजे नुसती माहिती, दोन डब्ल्यू म्हणजे इशारा, दोन ई म्हणजे चूक. हे मी अण्णांना समजावून सांगितलं. शेवटची ओळ होती, की एकही स्क्रीन सापडली नाही. मी म्हणालो, "बघा, कार्डच उडालं."

"शेवटची ओळ म्हणजे परिणाम," अण्णा म्हणाले. "रिजेक्शन शेवटी गेजवर कळतं, बिघाड तिथे नसतो. वर जा. पहिला ई कुठाय?"

इंग्रजी ओळींवरून ते बोट फिरवत होते, एकेक शब्द लावत. पहिला ई त्यांनीच शोधला. ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरचा कर्नलमध्ये बसणारा भाग लोड होत नव्हता. मग नेहमीचा प्रश्न आला. शॉपवर माल बिघडला की माणूस, मशीन, मटेरियल, मेथड यांपैकी काय बदललं ते आधी बघतात. "काल चालत होतं. आज काय बदललं?"

आणि डोक्यात उजेड पडला. तो ड्रायव्हर मी स्वतः, जास्तीची हौस म्हणून, जुन्या कर्नलसाठी हाताने बनवून बसवला होता. अपडेटमध्ये कर्नल नवा आला, ड्रायव्हर जुन्याच मापाचा राहिला. अण्णांच्या भाषेत, मशीन बदललं आणि फिक्स्चर जुनंच. चूक कोणाची? माझी.

म्हणजे पीसीला काहीच झालं नव्हतं. अण्णा म्हणाले, "ट्यूब गेली म्हणून लेथ बिघडत नाही." कंट्रोल, आल्ट आणि एफ १ दाबलं, अक्षरांच्या स्क्रीनवर लॉगिन झालं. रिपोर्टची फाइल जागच्या जागी. सेटिंगच्या फाइलची एक प्रत काढली (हेही अण्णांनीच बजावलं), ड्रायव्हरचं नाव खोडून 'वेसा' लिहिलं. वेसा म्हणजे बहुतेक कार्डांवर चालणारा साधासुधा ड्रायव्हर. अक्षरं ताटाएवढी दिसली, पण दिसली. रात्री साडेअकराला प्रिंट निघाली.

त्या काळात असं होणारा मी एकटा नव्हतो. त्याच वर्षी २१ ऑगस्टला उबुंटू ६.०६ साठी एक्स सर्व्हरचं एक अपडेट आलं आणि त्यानंतर अनेकांची ग्राफिक स्क्रीनच सुरू होईना. मग घाईने दुरुस्तीचं अपडेट काढावं लागलं. आता तर एक्सही निवृत्तीला आलाय. १९८४ मध्ये एमआयटीत जन्मला, 'डब्ल्यू' नावाच्या प्रणालीनंतरचा म्हणून 'एक्स'. त्याची अकरावी आवृत्ती १९८७ ची, ती इतकी वर्षं चालली. ऑक्टोबर २०२५ च्या उबुंटूत नेहमीच्या डेस्कटॉपसाठी एक्सचा पर्यायच ठेवलेला नाही, सगळं वेलँडवर. माणसं काय, प्रोग्रॅम काय...

असो. शुक्रवारी सकाळी टेम्पो निघाला. अण्णा फोनवर चाकणच्या साहेबांना सांगत होते, "कॉम्प्युटर बंद पडला होता, पण आमच्या मुलाने रात्री बसून चालू केला." मी शेजारीच उभा होतो. ऐकलं आणि गप्प बसलो. नंतरही कधी बोललो नाही. आता अण्णा नाहीत, शेडही नाही. तेव्हा उशिरा का होईना, इथे लिहून ठेवतो. पीसी मी चालू केला नव्हता.

रविवारी लेकीला शेजारी बसवलं आणि लॉग उघडून दिला. म्हटलं, "नवीन नंतर घेऊ. आधी यातला पहिला ई शोध."