शिल्लक राहिलेलें औषध

गेल्या आश्विनांत माझ्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदु काढला. सूज उतरावी म्हणून डॉक्टरांनीं महिनाभर घालावयास थेंब दिले होते. महिना संपला, कुपी संपली नाहीं. शिक्षकाच्या घरांत खडूचा तुकडासुद्धां टाकला जात नाहीं. मीं ती फडताळांत जपून ठेवली. वाचकांपैकीं कितीकांच्या फडताळांत अशी एखादी कुपी असेल!

माघांत आमच्या सौ.चा डावा डोळा लाल झाला. पाणी येई, उजेड सोसवत नसे. "कांहीं गेलें असेल हो," असें म्हणून ती पदराचा बोळा फुंकून डोळ्यास लावीत राहिली. त्याच आठवड्यांत तिला ताप येऊन गेला होता व ओठाच्या कडेस बारीक फोडांचा पुंजका उठला होता. छत्तीस वर्षें मुलांस संधि सोडविण्यास शिकविलें. पण ओठाचा व डोळ्याचा हा संधि मला सुटला नाहीं. मीं ती कुपी काढली आणि दिवसांतून चार वेळां तिच्या डोळ्यांत थेंब घालूं लागलों.

दोन दिवसांत लाली ओसरली. मी मनांतून फुगलों, हें कबूल केलें पाहिजे. सातव्या दिवशीं पोथी वाचतांना ती म्हणाली, "अक्षरांवर धुकें आलें आहे." तेव्हां सूनबाईनें कोणासही न विचारतां रिक्षा बोलाविली.

डॉक्टरांनीं कापसाचा तंतु बुबुळास लावून पाहिला. तिची पापणी जेमतेम हलली. "एवढ्या जखमेंत दुखावयास हवें होतें," ते म्हणाले. मग डोळ्यांत पिवळा रंग घालून निळ्या उजेडांत पाहिलें व मला चित्र दाखविलें. बुबुळावरील काचेसारख्या पडद्यावर, म्हणजे कॉर्नियावर, एक हिरवट चकाकणारी निष्पर्ण फांदी उमटली होती. मात्र मध्यें तिच्या रेघा फुटून वेडेंवांकडें तळें झालें होतें. फांदी रोगाची होती. तळें माझ्या थेंबांचें.

"हें औषध कोणीं सांगितलें?" डॉक्टरांनीं विचारलें. मी घसा खाकरला, तोंच ती म्हणाली, "घरांत होतें, मींच घातलें." त्या क्षणीं मी गप्प राहिलों. दारापर्यंत गेल्यावर मात्र परत फिरून खरें तें सांगितलें.

रोगाचें नांव हर्पीस. मूळ ग्रीक धातूचा अर्थ सरपटणें. आपल्या 'सृप्' धातूचा तो सख्खा भाऊ, व आयुर्वेदांतील 'विसर्प' हा शब्दहि 'सृप्'चाच. हा विषाणु बहुधा बालपणींच कोणाच्या तरी लाळेंतून अंगांत शिरतो आणि चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या गाठींत जन्मभर निद्रिस्त राहतो. तापासारख्या निमित्तानें जागा झाला कीं त्याच तंतूवरून ओठाकडे वा डोळ्याकडे सरपटत येतो, व जातां येतां डोळ्याची संवेदनाहि बोथट करितो. माझ्या थेंबांत स्टेरॉइड होतें. तें लाली दडपतें, पण शरीराच्या पहारेकऱ्यांसहि निजवितें; चोरास रान मोकळें!

ह्या रोगावर विषाणूस मारक असें पहिलें औषध १९६२ सालीं वापरांत आलें. आमच्या वांट्यास आलेलें असायक्लोव्हिर त्यानंतरचें. तें ज्यांच्या प्रयोगशाळेंतून निघालें त्या गर्ट्रूड एलियनबाईंस १९८८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. मलम दिवसांतून ५ वेळां. पुढें पडद्याच्या आंतल्या थरांत सूज राहिली, तेव्हां डॉक्टरांनीं स्टेरॉइडचेच थेंब दिले. परंतु असायक्लोव्हिर सोबत ठेवून, आणि एकेक थेंब मोजून! आतां वर्षभर दिवसांतून दोन गोळ्या आहेत. १९९८ सालीं प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन प्रयोगांत अशा गोळ्यांनीं वर्षांत रोग उलटण्याचें प्रमाण शेंकडा ३२ वरून १९ वर आलें होतें. म्हणजे १९ उरतातच.

व्रण भरला, पण मध्याच्या किंचित् बाजूस पांढुरकें फूल राहिलें. रोज सकाळीं ती उजवा डोळा झांकून भिंतीवरची दिनदर्शिका पाहते. मी मागें उभा असतों. मोठे आंकडे तिला वाचतां येतात. बारीक टाइपांतली तिथि ती मला विचारते, आणि मी सांगतों.