परमुलुखांतील काळी माती

मेहकरास वैशाख लागला म्हणजे पैनगंगेच्या पात्रांत वाळू उघडी पडते, शारंगधर बालाजीच्या देवळापुढें दुपारीं अनवाणी पाऊल ठेववत नाहीं, आणि शाळांच्या फाटकांना कुलुपें लागतात. २०१८ सालीं याच दिवसांत आम्ही कांहीं स्वयंसेवक मंडळींबरोबर आफ्रिकेंतील केनिया देशीं, एका शाळेची परसबाग तयार करण्याच्या कामीं, महिनाभर गेलों. परदेशगमनाचा आमचा हा पहिलाच प्रसंग. निघतांना हार पडले, भाषणें झालीं. आणि खोटें कशाला सांगावें, आपण कांहीं मोठ्या परोपकाराच्या कार्यास निघालों आहों असें आम्हांस मनांतून वाटूंहि लागलें होतें.

त्या गर्दींत आमच्या शाळेचे शिपाईमामा जवळ येऊन हळूच म्हणाले, “गुर्जी, तुमी तं चालले दूर देशाले; पन आपल्या झाडाईले पानी कोन टाकन?” शाळेच्या विहिरीमागें आम्हीं मुलांकडून शेवगा, कढीलिंब व लिंबू यांचीं पंधरा रोपें लावविलीं होतीं. “टाकील कोणीतरी,” असें म्हणून आम्ही हंसलों.

ती शाळा नैरोबी शहराच्या आग्नेयेस, अथी नदीच्या पठारावर होती. हा मुलूख समुद्रसपाटीपासून सुमारें पांच हजार फूट उंच. त्यामुळें विषुववृत्त जवळ असूनहि मे महिन्यांत सकाळीं अंगावर शाल घ्यावीशी वाटे. मोटारींतून उतरून खालीं पाहतों तों काय, पायाखालीं आपलीच काळी माती! तशीच भेगाळणारी, तशीच ओली झाली कीं जोड्याला शेरभर चिकटणारी. तेथील लोकहि तिला कापसाची काळी माती असेंच म्हणतात, मग तींत कापूस असो वा नसो. आम्ही सोबत्यांस मोठ्या तोऱ्यानें म्हणालों, “या मातीची जात आम्हांस कोणीं शिकवावयास नको.”

मुलें आम्हांस ‘म्वालिमू’ म्हणजे गुरुजी म्हणत. दुपारीं त्यांस मका व घेवडा एकत्र शिजवून केलेली ‘गिथेरी’ मिळे. तिच्याबरोबर पालेभाजी क्वचित. ती शाळेच्या आवारांतच पिकावी एवढाच बागेचा उद्देश. या भाजीचें नांव ‘सुकुमा विकी’. कोबीच्याच कुळांतली, परंतु गड्डा न धरणारी. नांवाचा अर्थ ‘आठवडा ढकल’. हातांतले पैसे संपले कीं हिच्यावर आठवडा रेटावयाचा! आमच्याकडील अंबाडीस हें नांव शोभलें असतें.

आम्हीं मेहकरास उन्हाळी मेथीसाठीं करतों तसे, भोंवतीं बांध घालून, खोलगट वाफे करविले. सातव्या इयत्तेंतील एका मुलीनें आपल्या आजीच्या वाडींतून सुकुमाचीं साठ रोपें ओल्या गोणपाटांत गुंडाळून आणलीं. दोन कोस चालत आणलीं होतीं. तीं लावून झालीं आणि रात्रीं पाऊस आला. त्या वर्षीं केनियांत मार्चपासून असा पाऊस पडत होता कीं ठिकठिकाणीं पूर येऊन माणसें बेघर झालीं होतीं. हें आम्ही वर्तमानपत्रांत वाचूनच गेलों होतों, तरी वाफे करतांना तें आमच्या ध्यानांत आलें नाहीं. वाफ्यांचीं डबकीं झालीं. चौथ्या दिवशीं रोपें उपटून पाहिलीं, तर मुळें कुजून काळीं पडलेलीं.

ती मुलगी कांहीं बोलली नाहीं. तिनें सगळीं रोपें गोळा करून कचऱ्याच्या ढिगावर नेऊन टाकलीं आणि वर्गांत जाऊन बसली.

शाळेचा वृद्ध पहारेकरी हें रोज पाहत होता. दुसऱ्या दिवशीं तो आपलें कुदळीसारखें ‘जेंबे’ घेऊन आला आणि आम्हांस न विचारतां बांध फोडून, चर खणून, त्यांची माती मधल्या पट्ट्यावर चढवूं लागला. तासाभरांत उंच, सपाट वरंबा तयार झाला. तो पाहून आम्ही खजील झालों. कारण आमच्याच वऱ्हाडांत कित्येक शेतकरी पावसाळ्यांत सोयाबीन अशाच रुंद वरंब्यांवर पेरतात. आम्ही उन्हाळा तेवढा बरोबर नेला होता. आजीच्या वाडींतून रोपें पुन्हां आणावयास सांगण्याची आमची छाती होईना. तें त्या म्हाताऱ्यानेंच सांगितलें.

एक काम मात्र पहिल्या दिवसापासून नीट चाललें, तें खताचें. काडीकचरा, शेण, माती व राख यांचे थर देऊन, ते वेळोवेळीं उलथून सुमारें तीन महिन्यांत खत करण्याची ही रीत सर आल्बर्ट हॉवर्ड यांनीं इंदूर येथें १९२४ ते १९३१ या काळांत बसविली. तिला इंदूर पद्धति म्हणतात. १९३३ च्या सुमारास ती केनियांतील कॉफीच्या मळ्यांतहि पोंचली होती. हॉवर्डसाहेबांनीं येथील शेतकऱ्यांस व पिकांवरील किडींस आपले प्राध्यापक मानलें होतें. पहारेकऱ्याची शिकवणी झाल्यावर हें आम्हांस आठवलें हें उघडच आहे. खत तयार होईल तेव्हां आम्ही तेथें नसणार होतों.

निरोपाच्या आदल्या दिवशीं तेथील मुख्याध्यापिकाबाईंनीं वांगारी माथाई यांची हकीकत सांगितली. १९७७ सालीं त्यांनीं केनियांतील खेड्यापाड्यांच्या स्त्रियांकडून झाडें लावविण्याची चळवळ सुरू केली; २००४ सालीं त्यांस शांततेचें नोबेल पारितोषिक मिळालें. त्या चळवळींत बायकांस रोपामागें थोडा मोबदला मिळे. परंतु तो लावलेल्या रोपाचा नव्हे, जगलेल्या रोपाचा. बाई सहज बोलल्या असतील. आम्हांस मात्र विहिरीमागचीं पंधरा रोपें दिसूं लागलीं. त्याच मुलीजवळ आम्हीं त्यांची बरीच फुशारकी मारली होती.

जूनमध्यें परत येऊन पाहिलें. विहीर मे महिन्याच्या मध्यासच आटली होती. मामा घरून सायकलीला कळशी बांधून पाणी आणीत. जितकें पुरलें तितकें दिलें. दोन शेवगे आणि एक कढीलिंब उभा होता. मामा उलट आमचीच समजूत घालूं लागले, “येवढेच वाचले पाहा, गुर्जी.”

सप्टेंबरांत केनियाहून पत्र आलें. आंत वरंब्यावरील गर्द पाल्याचा फोटो होता आणि खालीं त्या मुलीच्या अक्षरांत एक ओळ : तुमचीं पंधरा झाडें कशीं आहेत? उत्तर लिहावयास आम्हांस आठ दिवस लागले. शेवटीं ‘तीन’ असा आंकडा लिहून, मामांच्या सायकलीची व कळशीची हकीकत कळविली.

पुढल्या मे महिन्यांत आम्ही मेहकरांतच राहिलों. शाळेजवळ राहणाऱ्या अकरा मुलांच्या पाळ्यांचा कागद फाटकाच्या आंतल्या बाजूस चिकटविला. कुलुपाची एक किल्ली मामांकडे होती, दुसरी आम्हीं मागून घेतली.